ओएस अपग्रेडनंतर पासवर्ड मॅनेजर चालेना? काहीही डिलीट करण्याआधी हे क्रमाने तपासा

ओएसचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचं, अपग्रेड झालं, मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट झालं, नवा डेस्कटॉप आला, सगळं ठीक वाटतंय, आणि मग ईमेल उघडायला जावं तर जिथे पासवर्ड आपोआप भरला जायचा तिथे रिकामा बॉक्स. एक्स्टेन्शनचा आयकॉन गायब नाहीतर करडा झालेला, फिंगरप्रिंट घेत नाही, मास्टर पासवर्ड टाकला तर चुकीचा सांगतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्यामुळे भरपूर लोक विंडोज ११ वर गेले, मॅकवाल्यांना दरवर्षी नवं व्हर्जन येतं, लिनक्सवाल्यांच्या अडचणी आणखी वेगळ्या. म्हणून तिन्हीकडचं एकाच ठिकाणी लिहितोय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पासवर्ड मॅनेजर बघायला एक दिसतो पण आत तीन वेगळे भाग असतात. पहिला तुमचा डेटा म्हणजे व्हॉल्ट, जो कंपनीच्या सर्व्हरवर किंवा तुमच्या डिस्कवर एनक्रिप्ट होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, पडलेला असतो. दुसरी किल्ली, म्हणजे मास्टर पासवर्ड (अख्खा व्हॉल्ट उघडणारा मुख्य पासवर्ड), सीक्रेट की, की-फाइल (किल्ली म्हणून लागणारी वेगळी फाइल), फिंगरप्रिंट वगैरे. आणि तिसरी जोडणी, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम (एक्स्टेन्शन), त्याचं डेस्कटॉप ॲपशी असलेलं कनेक्शन, ओएसने दिलेल्या परवानग्या. अपग्रेडमध्ये बहुतेक वेळा तुटते ती जोडणी, कधीकधी फिंगरप्रिंट-पिन जातं, आणि डेटा क्वचितच जातो. पण माणूस घाबरतो, ॲप अनइन्स्टॉल करतो, ब्राउझरचा डेटा साफ करतो, आणि शाबूत असलेला डेटा नेमका तेव्हा जातो.

आधी हे करू नका

ॲप किंवा एक्स्टेन्शन अनइन्स्टॉल करू नका. ब्राउझरची हिस्टरी-कुकीज साफ करू नका. ब्राउझर रीसेट करू नका. अपग्रेडच्या आदल्या दिवशी तुम्ही एखादी नवी एन्ट्री केली असेल आणि ती सर्व्हरवर सिंक झालेली नसेल तर ती फक्त ह्याच मशीनवर आहे, ॲप काढलं की तीही गेली.

लॉक आणि लॉगआउट ह्यातला फरकही इथे महत्त्वाचा आहे. लॉक केलं तर डेटाची एनक्रिप्टेड कॉपी मशीनवर राहते आणि मास्टर पासवर्ड टाकून परत उघडता येते. लॉगआउट केलं तर बऱ्याच मॅनेजरमध्ये ती लोकल कॉपी पुसली जाते, परत आत जायला इंटरनेट, टू-फॅक्टर कोड (पासवर्डनंतर मागितला जाणारा दुसरा कोड), कुठे सीक्रेट की असं सगळं लागतं. तेव्हा जे ॲप अजून लॉग-इन आहे त्यातून बाहेर पडू नका, अगदी ते नीट चालत नसलं तरी.

विंडोजवाल्यांनी आणखी एक, डिस्क क्लीनअप चालवून जागा मोकळी करायचा मोह आवरा. अपग्रेडनंतर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर राहतो, जुनं विंडोज त्यात असतं, आणि तो १० दिवसांनी आपोआप पुसला जातो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, तिथे 'गो बॅक' बटण दिसतं तेही ह्याच १० दिवसांपुरतं. म्हणून हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका, ह्याच आठवड्यात उरका.

डेटा जागेवर आहे का ते बघा

दुसऱ्या डिव्हाइसवर जा. फोनवर तोच पासवर्ड मॅनेजर असेल तर उघडा, एन्ट्र्या दिसतात का बघा, विशेष करून शेवटी टाकलेल्या. क्लाउडवाला मॅनेजर असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर वेब व्हॉल्ट असतो, त्यात लॉग-इन करून बघा. तिथे सगळं दिसलं तर डेटा सुरक्षित आहे, आता जे दुरुस्त करायचंय ते फक्त ह्या मशीनपुरतं आहे, निवांत करा.

फोनवर एन्ट्र्या दिसतायत पण कॉम्प्युटरवर किंवा वेब व्हॉल्टमध्ये कमी दिसतायत असं असेल तर मात्र लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मगच पुढे बघा. फोनने सर्व्हरची रिकामी किंवा जुनी यादी ओढून घेतली तर हातातली चांगली कॉपी जाईल. एअरप्लेन मोडमध्येच आधी गरजेचे पासवर्ड कागदावर उतरवून घ्या, ईमेल, बँक, फोनचं मुख्य अकाउंट. मग सपोर्टला लिहा.

आणि कमी दिसतायत म्हणजे गेल्याच असंही नाही. एकाच माणसाचे दोन अकाउंट असतात, एक ऑफिसच्या ईमेलवर एक घरच्या, आणि नव्या लॉग-इनमध्ये दुसऱ्याच अकाउंटमध्ये शिरलेलं असतं. ॲपमध्ये वर कुठला ईमेल दिसतोय तो वाचा.

मास्टर पासवर्ड चुकीचा म्हणतोय

बरोबर पासवर्ड टाकूनही चुकीचा म्हणत असेल तर पहिला संशय कीबोर्डवर घ्या. अपग्रेडमध्ये कीबोर्ड लेआउट बदलणं किंवा यादीत एक जास्तीचा लेआउट येऊन बसणं नेहमीचं आहे. पासवर्डचा बॉक्स ठिपके दाखवतो त्यामुळे काय टाइप होतंय ते कळतच नाही. तपासायला सोपं आहे: कुठल्याही साध्या बॉक्समध्ये शिफ्ट धरून २ दाबा. विंडोजवर अमेरिकन लेआउट असेल तर ॲट द रेटचं चिन्ह येतं, ब्रिटिश असेल तर दुहेरी अवतरण चिन्ह येतं. तुमच्या पासवर्डमध्ये ॲट द रेट असेल तर सगळा घोळ इथेच आहे. मराठी टायपिंग चालू राहिलेलं नाही ना, कॅप्स लॉक, नम लॉक हेही बघून घ्या. पूर्ण मास्टर पासवर्ड नोटपॅडमध्ये टाइप करून बघू नका, फक्त त्यातली खास चिन्हं एकेक करून बघा, तेवढं पुरतं. आणि फोनवर तोच पासवर्ड चालतोय का तेही बघा, तिथे चालला तर तुमची आठवण बरोबर आहे.

कीबोर्ड ठीक असेल तर मॅनेजरप्रमाणे वेगवेगळं बघावं लागतं.

बिटवॉर्डनमध्ये लॉग-इनच्या स्क्रीनवर सर्व्हर निवडायचा पर्याय असतो, डॉट कॉम की डॉट ईयू की तुमचा स्वतःचा सर्व्हर. नव्याने टाकलेलं ॲप डॉट कॉम धरून चालतं, तुमचं अकाउंट डॉट ईयूवर असेल तर बरोबर पासवर्डही चुकीचाच म्हणणार, कारण तिथे ते अकाउंटच नाही.

वनपासवर्डला नव्या मशीनवर किंवा क्लीन इन्स्टॉलनंतर (म्हणजे जुन्यावर अपग्रेड न करता ओएस कोरं नव्याने टाकल्यावर) नुसता पासवर्ड पुरत नाही, सीक्रेट की लागते. ती ३४ अक्षर-अंकांची असते, ए-थ्रीने सुरू होते, आणि अकाउंट काढताना जी इमर्जन्सी किटची पीडीएफ मिळाली होती तिच्यात छापलेली असते. पीडीएफ सापडत नसेल तर फोनवरचं लॉग-इन असलेलं ॲप उघडा, अकाउंटच्या माहितीत ती दिसते. म्हणून परत सांगतो, फोनवरून लॉगआउट करू नका.

कीपासमध्ये एक जागा फार घातक आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. डेटाबेस बनवताना मास्टर पासवर्डबरोबर 'विंडोज युजर अकाउंट' असा एक पर्याय असतो. तो टिक केला असेल तर किल्लीचा एक भाग तुमच्या त्या विंडोज अकाउंटमध्ये अडकलेला असतो. क्लीन इन्स्टॉल करून त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं अकाउंट परत बनवलं तरी चालत नाही, विंडोजच्या नजरेत ते वेगळं अकाउंट आहे. असं झालं असेल तर जुनी सिस्टिम परत आणणं किंवा जुन्या युजर प्रोफाइलचा बॅकअप हाच रस्ता, आणि 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर शिल्लक असेल तर ते १० दिवस सोन्याचे ठरतात. ज्यांचं अपग्रेड अजून व्हायचंय त्यांनी आजच डेटाबेस उघडून मास्टर की बदला आणि तो पर्याय काढून टाका. माझं मत विचाराल तर तो पर्याय कोणी वापरूच नये.

कीपासची की-फाइल वापरत असाल तर ती मूळ जागी आहे का बघा. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल क्लीन इन्स्टॉलमध्ये जाते.

आणि एक चक्रव्यूह आधीच ओळखून ठेवा. नव्या डिव्हाइसवरून लॉग-इन केलं की बरेच मॅनेजर ईमेलवर कोड पाठवतात. त्या ईमेलचा पासवर्ड व्हॉल्टमध्येच असेल तर तुम्ही दोन्हीकडून बाहेर. फोनवर ईमेल चालू असेल तर तिथून कोड घ्या. बिटलॉकरच्या (विंडोजच्या डिस्क एनक्रिप्शनच्या) ४८ अंकी रिकव्हरी कीचंही असंच आहे, अपग्रेडनंतर किंवा बायोसमध्ये टीपीएमशी (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपशी) छेडछाड झाल्यावर विंडोज सुरू होतानाच ती मागतं, आणि ती फक्त व्हॉल्टमध्ये ठेवली असेल तर त्या क्षणी उपयोग शून्य. ह्या दोन गोष्टी, ईमेलचा पासवर्ड आणि रिकव्हरी की, व्हॉल्टच्या बाहेर कागदावर असायलाच हव्यात.

फिंगरप्रिंट, चेहरा, पिन चालेना

हे सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात कमी गंभीर आहे. फिंगरप्रिंट म्हणजे तुमची खरी किल्ली नाही, ती एक सोय आहे. मास्टर पासवर्डवरून निघालेली किल्ली मॅनेजर ओएसच्या सुरक्षित जागेत ठेवतो, विंडोजवर विंडोज हॅलो आणि टीपीएम, मॅकवर सिक्युअर एन्क्लेव्ह, आणि बोट लावलं की ओएस ती काढून देतं. अपग्रेडमध्ये ते नातं तुटलं की मॅनेजर परत मास्टर पासवर्ड मागतो. तो टाका, आत जा, आणि सोय नव्याने चालू करा.

विंडोजवर असं करा. आधी विंडोज हॅलो स्वतः चालतंय का बघा, म्हणजे स्क्रीन लॉक करून बोटाने किंवा पिनने उघडा. तिथेच चालत नसेल तर मॅनेजरमध्ये काहीही शोधून उपयोग नाही. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये जा, फिंगरप्रिंट काढून परत नोंदवा. पिन बिघडला असेल आणि 'रिमूव्ह' बटण करडं दिसत असेल तर 'आय फर्गॉट माय पिन' वरून नवा करा. रीडरच सापडत नाही म्हणत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बायोमेट्रिक डिव्हाइसेस बघा, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवं ड्रायव्हर टाका. हॅलो नीट झालं की मॅनेजरचं डेस्कटॉप ॲप उघडा, सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये हॅलोने अनलॉक करायचा टिक काढा, ॲप पूर्ण बंद करा, खाली घड्याळाजवळच्या आयकॉनमधूनही बंद करा, परत उघडून मास्टर पासवर्ड टाका आणि टिक परत लावा. नुसती खिडकी बंद केली तर ॲप मागे चालूच राहतं आणि काही बदलत नाही.

मॅकवर रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पासवर्ड मागणं साधारणच आहे, टच आयडी त्यानंतर चालतं. नवं बोट नोंदवलं किंवा काढलं की काही मॅनेजर मुद्दाम टच आयडी बंद करतात, दुसऱ्या कोणाचं बोट घुसवलेलं असू नये म्हणून.

एक्स्टेन्शन दिसत नाही, दिसतं पण भरत नाही

इथे घाई न करता एकेक बघत जा, कारण जोडणीचे सांधे बरेच असतात.

सुरुवात सगळ्यात साध्या प्रश्नाने करा, हा तुमचाच ब्राउझर आहे का? अपग्रेडनंतर डीफॉल्ट ब्राउझर बदललेला असू शकतो, लिंक क्लिक केली की एज किंवा सफारी उघडतो आणि त्यात एक्स्टेन्शन कधी टाकलेलंच नसतं. ब्राउझर तोच असेल तर प्रोफाइल बघा. क्रोम आणि एजमध्ये वर उजवीकडे गोल चित्र असतं, त्यावर क्लिक करून दुसरं प्रोफाइल आहे का बघा.

फायरफॉक्समध्ये हा प्रकार फारच फसवा आहे. २०१९ च्या फायरफॉक्स ६७ पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं वेगळं प्रोफाइल मिळतं, तेव्हा नव्याने टाकलेला फायरफॉक्स कोरा उघडतो, बुकमार्क नाहीत, एक्स्टेन्शन नाही, सेव्ह केलेले पासवर्ड नाहीत, आणि माणूस समजतो सगळं गेलं. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत अबाउट, मग कोलन, मग प्रोफाइल्स टाइप करून एन्टर मारा. यादीत दोन किंवा जास्त प्रोफाइल दिसतील, 'धिस इज द प्रोफाइल इन यूज' असं एकाखाली लिहिलेलं असेल. दुसऱ्यासमोरचं 'लाँच प्रोफाइल इन न्यू ब्राउझर' दाबा, बहुतेक वेळा जुनं घरदार जसंच्या तसं समोर येतं, मग तेच डीफॉल्ट करा. 'रिमूव्ह' ला हात लावू नका.

प्रोफाइल बरोबर असेल तर एक्स्टेन्शनच्या यादीत जाऊन ते चालू आहे का बघा. ब्राउझर नवा झाला आणि एक्स्टेन्शन जुनं राहिलं तर ब्राउझर ते बंद करून टाकतो, क्रोमने मॅनिफेस्ट व्ही-टू ह्या जुन्या पद्धतीवर बनलेली एक्स्टेन्शन अशीच बंद केली. अशा वेळी अधिकृत स्टोअरवरून नवं व्हर्जन घ्या. सफारीत सेटिंग्ज, एक्स्टेन्शन्स, तिथे टिक हवा आणि शिवाय वेबसाइटची परवानगीही हवी. टिक असतो पण परवानगी 'आस्क' वर परत गेलेली असते, मग आयकॉन दिसतो आणि भरत काहीच नाही. ती 'ऑलवेज अलाउ ऑन एव्हरी वेबसाइट' करा. प्रायव्हेट विंडोची परवानगी वेगळी असते, तेवढं लक्षात ठेवा.

पुढचा सांधा, एक्स्टेन्शन आणि डेस्कटॉप ॲप ह्यांचं बोलणं. हे दोघं नेटिव्ह मेसेजिंग नावाच्या पद्धतीने बोलतात, डेस्कटॉप ॲप ओएसमध्ये एक छोटी नोंद करून ठेवतं की बाबा ह्या ब्राउझरने मला इथे शोधावं. अपग्रेडमध्ये ती नोंद जाते नाहीतर जुन्या जागेकडे बोट दाखवत राहते आणि एक्स्टेन्शन म्हणतं 'डेस्कटॉप ॲप सापडत नाही'. उपाय असा: ब्राउझर आणि ॲप दोन्ही अपडेट करा, दोन्ही पूर्ण बंद करा, आधी ॲप उघडून अनलॉक करा, त्याच्या सेटिंग्जमध्ये ब्राउझर इंटिग्रेशनचा टिक काढून परत लावा, म्हणजे ती नोंद नव्याने लिहिली जाते, आणि मग ब्राउझर उघडा. कीपासएक्ससीमध्ये (कीपासच्याच फाइल उघडणारं वेगळं ॲप) टूल्स, सेटिंग्ज, ब्राउझर इंटिग्रेशनमध्ये प्रत्येक ब्राउझरचा टिक वेगळा असतो. ब्राउझरचं अपडेट डाउनलोड होऊन रीस्टार्टची वाट बघत अडकलेलं असेल तरी कनेक्शन नाकारलं जातं, म्हणून ब्राउझर खरोखर बंद करून उघडा.

मॅकवर ॲप 'ॲप्लिकेशन्स' फोल्डरमध्येच असू द्या, डाउनलोड्समधून चालवलेलं ॲप नीट जोडलं जात नाही. ऑटो-टाइप (मॅनेजरने स्वतः पासवर्ड टाइप करणं) किंवा दुसऱ्या ॲपमध्ये पासवर्ड भरणं बंद पडलं असेल तर सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ॲक्सेसिबिलिटी. तिथे मॅनेजरचं बटण चालू दिसतं तरी परवानगी प्रत्यक्षात लागू नसते, हे अपग्रेडनंतर होतं. नुसतं बंद-चालू करून भागत नाही, त्या नावावर क्लिक करून खालच्या वजा चिन्हाने काढून टाका आणि अधिक चिन्हाने परत घाला.

शेवटचा सांधा म्हणजे गर्दी. मॅकओएस सिक्वोयात म्हणजे २०२४ मध्ये ॲपलने स्वतःचं पासवर्ड्स ॲप दिलं, क्रोम-एजचे स्वतःचे मॅनेजर आहेतच, आणि अपग्रेडनंतर हे सगळे एकाच बॉक्सवर तुटून पडतात, तुमचा मॅनेजर मागे झाकला जातो. सिक्वोयात सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, ऑटोफिल अँड पासवर्ड्समध्ये कोण भरणार ते ठरवा. क्रोम-एजमध्ये पासवर्ड सेव्ह करायचा प्रस्ताव बंद करा. पण त्यात आधीच साठलेले पासवर्ड लगेच पुसू नका, काही कदाचित फक्त तिथेच असतील.

ब्राउझरमध्येच सेव्ह केले होते आणि आता दिसत नाहीत

वेगळा मॅनेजर न वापरता क्रोममध्येच सगळं ठेवणारे खूप आहेत. गूगल सिंक चालू असेल तर दुसऱ्या डिव्हाइसवर पासवर्ड्स डॉट गूगल डॉट कॉम उघडा, तिथे दिसले तर नव्या मशीनवर त्याच अकाउंटने साइन-इन करा, विषय संपला.

सिंक नसेल आणि क्लीन इन्स्टॉल केलं असेल तर वाईट बातमी आहे. क्रोमचा प्रोफाइल फोल्डर कॉपी करून नव्या विंडोजमध्ये टाकला तर बुकमार्क येतात पण पासवर्ड उघडत नाहीत, कारण ते विंडोजच्या डीपीएपीआय ह्या यंत्रणेतून तुमच्या त्या विंडोज अकाउंटला बांधलेले असतात. जुनी सिस्टिम परत चालू करता आली तरच तिथून एक्स्पोर्ट होईल. फायरफॉक्सचं तसं नाही, त्याच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये लॉगिन्स नावाची जेसन फाइल आणि की-फोर नावाची डीबी फाइल असते, ह्या दोन्ही एकत्र नव्या प्रोफाइलमध्ये टाकल्या की पासवर्ड परत येतात. एकटी लॉगिन्स फाइल नेऊन काही होत नाही, किल्ली दुसरीत आहे. प्रायमरी पासवर्ड लावला असेल तर तोही आठवायला हवा.

मॅकवर क्रोम उघडल्यावर एक खिडकी येते की क्रोमला किचेनमधलं (किचेन म्हणजे मॅकची पासवर्ड ठेवायची तिजोरी) 'क्रोम सेफ स्टोरेज' वापरायचंय, लॉग-इन किचेनचा पासवर्ड द्या. लोक घाबरून 'डिनाय' करतात आणि मग सेव्ह केलेले पासवर्ड दिसत नाहीत. क्रोम तुम्ही स्वतः उघडलेला असेल तर ही मागणी रास्त आहे, मॅकचा पासवर्ड देऊन 'ऑलवेज अलाउ' करा. तो पासवर्ड घेत नसेल तर मॅकचा जुना पासवर्ड टाकून बघा, अकाउंटचा पासवर्ड मध्ये कधी बदलला असेल तर किचेन जुन्यावरच राहिलेलं असू शकतं. किचेन ॲक्सेसमध्ये 'रीसेट डीफॉल्ट किचेन्स' दिसतं, ते अगदी शेवटी, कारण त्याने नवं कोरं किचेन बनतं.

कीपासची फाइल सापडेना किंवा सेव्ह होईना

विंडोज ११ मध्ये वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप चालू झाला की डॉक्युमेंट्स फोल्डर उचलून वनड्राइव्हच्या आत जातो. फाइल आहे तिथेच आहे, पण तिचा पत्ता बदलला आणि कीपास जुन्या पत्त्यावर शोधतोय. वनड्राइव्हच्या आतल्या डॉक्युमेंट्समध्ये जाऊन फाइलवर डबल क्लिक करा. तिच्या बाजूला ढगाचं चिन्ह असेल तर ती प्रत्यक्षात मशीनवर उतरलेलीच नाही, राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा.

उघडते पण सेव्ह करताना नकार येत असेल तर विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शन. तिथे 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू असेल तर कीपासला परवानगीच्या यादीत घाला, पूर्ण संरक्षण बंद करू नका.

सिंकमध्ये भांडण होऊन एकाच फाइलच्या दोन कॉप्या झाल्या असतील तर कुठलीही डिलीट करू नका, कीपासमधलं 'सिंक्रोनाइझ' किंवा कीपासएक्ससीमधलं 'मर्ज फ्रॉम डेटाबेस' दोन्हीतल्या एन्ट्र्या एकत्र करतं.

लिनक्स

उबुंटूवर २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप नावाच्या पॅकेजमधून येतो, बाकी सिस्टिमपासून कप्प्यात बंद असल्यासारखा, त्यामुळे एक्स्टेन्शन डेस्कटॉप ॲपपर्यंत पोचताना अडतं. परवानगी विचारणारी खिडकी आली तर हो म्हणा, तरीही जमलं नाही तर मोझिलाचं डेब पॅकेज टाका. स्नॅपवाल्याचं प्रोफाइल होम फोल्डरमधल्या स्नॅप, फायरफॉक्स, कॉमन ह्या वाटेने आत असतं, जुनं प्रोफाइल हलवताना तिथे न्यावं लागतं.

लॉग-इन झाल्यावर किरिंगचा, म्हणजे लिनक्सच्या पासवर्ड-तिजोरीचा, पासवर्ड वारंवार मागत असेल तर ऑटो-लॉगिन किंवा फिंगरप्रिंटने लॉग-इन चालू आहे का बघा, तसं केल्यावर किरिंग उघडायला पासवर्डच मिळत नाही. गनोम डेस्कटॉपवरून केडीई डेस्कटॉपवर किंवा उलट गेलात तर क्रोम आधीच्या तिजोरीऐवजी नव्या डेस्कटॉपची (गनोम किरिंग किंवा केडीईचं केवॉलेट) बघायला लागतो आणि जुने पासवर्ड दिसत नाहीत, जुन्या डेस्कटॉपमध्ये लॉग-इन करून एक्स्पोर्ट करून घ्या. वेलँडवर (लिनक्सची खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) कीपासएक्ससीचं ऑटो-टाइप अडत असेल तर ब्राउझर एक्स्टेन्शन वापरा.

टू-फॅक्टर कोड आणि पासकी

व्हॉल्टमधले सहा अंकी कोड साइट नाकारत असतील तर घड्याळ बघा. हे कोड वेळेवरून बनतात आणि ३० सेकंदांनी बदलतात, घड्याळ दोन-चार मिनिटं जरी पुढेमागे असलं तरी प्रत्येक कोड चुकीचा. विंडोजवर टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम, 'सिंक नाऊ'. टाइम झोनही बघा, कारण भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळतेय पण झोन चुकीचा असं असेल तरी कोड चुकतात. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे हमखास होतं, विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेलं की काही तासांचा फरक पडतो.

पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, कुठे ठेवली होती ह्यावर सगळं आहे. पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा आयक्लाउड किचेनमध्ये असेल तर सिंक होऊन येते. विंडोज हॅलोमध्ये त्या मशीनपुरती ठेवली असेल तर ती टीपीएमला बांधलेली असते, क्लीन इन्स्टॉल किंवा टीपीएम क्लिअर झालं की संपली, साइटवर दुसऱ्या मार्गाने शिरून नवी बनवावी लागते.

सगळं करून झालं, आता रीइन्स्टॉलच

ठीक आहे, पण ह्या क्रमाने.

आधी दुसऱ्या एका डिव्हाइसवर व्हॉल्ट उघडतोय ह्याची खात्री करा, प्रत्यक्ष उघडून. मास्टर पासवर्ड, सीक्रेट की, टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोड कागदावर घ्या. मग एक्स्पोर्ट. शक्य असेल तर पासवर्ड लावलेला एनक्रिप्टेड एक्स्पोर्ट घ्या, बिटवॉर्डनमध्ये 'अकाउंट रिस्ट्रिक्टेड' नको 'पासवर्ड प्रोटेक्टेड' निवडा, कारण पहिला फक्त त्याच अकाउंटमध्ये परत घेता येतो. एनक्रिप्ट नसलेली साधी सीएसव्ही फाइलच घ्यावी लागली तर ती उघडी वही आहे हे डोक्यात ठेवा, क्लाउडला सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका, काम झालं की रिसायकल बिनमधूनही काढा. फाइल उघडून आत खरोखर एन्ट्र्या आहेत का ते बघा, रिकामी एक्स्पोर्ट फाइल घेऊन पुढे जाणं फार महागात पडतं.

मग अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, आणि नवं ॲप कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून तिथूनच घ्या, सर्चमधल्या जाहिरातीवर क्लिक करून नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलच्या ॲप स्टोअरवरसुद्धा लास्टपासची नक्कल करणारं 'लासपास' नावाचं ॲप आलं होतं आणि लास्टपासला लोकांना सावध करावं लागलं, तेव्हा नाव अक्षर अन् अक्षर वाचा. सर्चमध्ये सापडलेल्या सपोर्टच्या फोन नंबरवर फोन करू नका, आणि मास्टर पासवर्ड मागणारा माणूस कुठल्याही कंपनीचा नसतो, तो चोर असतो.

लॉग-इन झाल्यावर हाताने एकदा सिंक दाबा, एन्ट्र्यांची संख्या फोनशी ताडून बघा, शेवटची एन्ट्री आली का बघा. मग एक्स्टेन्शन, मग डेस्कटॉप ॲपशी जोडणी, आणि फिंगरप्रिंट सगळ्यात शेवटी.

एक-दोन दिवस नीट चालल्यावर मॅनेजरच्या अकाउंटमध्ये डिव्हाइसेसची यादी उघडा. तुमचं तेच मशीन दोनदा दिसेल, एक अपग्रेडच्या आधीचं आणि एक नंतरचं. शेवटच्या वापराची तारीख बघून जुनं काढून टाका, आणि ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर तेही काढून मास्टर पासवर्ड लगेच बदला.